खाडीत मत्स्यशेती करण्याआधी खाडीचे पाणी तपासा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समुद्र आणि जैवतंत्रज्ञान यांच्या बळावर देशाची अन्नाची गरज निसर्गाला न ओरबाडता कशी भागवता येईल, याचा विचार अलीकडे सरकारी पातळीवर बराच गांभीर्याने होऊ लागला आहे. केंद्राने २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली, ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ हे जैवतंत्रज्ञान धोरण मंजूर करताना प्रथिनांचे नवे स्रोत आणि सागरी संशोधन हे विषय त्यात ठळकपणे घेतले, आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. हे तिन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र ठाणे खाडीच्या काठावर आयुष्य काढलेला आणि प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून माझी एक मागणी आहे. या खाडीत कालवे व शिणाणे हे शिंपले, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, किंवा मासे वाढवण्याच्या कोणत्याही योजनेवर सरकारी पैसा खर्च होण्याआधी खाडीच्या पाण्याची आणि त्यात आजच वाढत असलेल्या शिंपल्यांची नियमित तपासणी व्हावी, तिचे निकाल ठिकाणवार आणि मराठीतून जाहीर व्हावेत, आणि कोणत्या पट्ट्यात खाण्यासाठी काय वाढवता येईल हे त्या निकालांवरून ठरावे.

ही मागणी काहींना कंटाळवाणी वाटेल. नव्या प्रकल्पाच्या बातमीत टाकी असते, पिंजरा असतो, फीत कापणारे पाहुणे असतात. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवण्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते. पण या बाटलीवाचून पुढचे सगळे अंदाजपंचे ठरते, आणि त्याचे कारण खाडीच्या घडणीतच आहे.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदराकडे मोकळी होते. उत्तरेला मात्र अरुंद होत होत एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीला जोडली जाते. त्यामुळे वरच्या भागात, म्हणजे कळवा, विटावा, ऐरोलीच्या बाजूला, भरती-ओहोटीने पाणी चढते-उतरते खरे, पण जुने पाणी समुद्राला जाऊन त्या जागी नवे येण्यास बराच काळ लागतो. पूर्वेच्या काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकापासून आहे. पश्चिमेला मुलुंडपासून ट्रॉम्बेपर्यंतची दाट वस्ती आणि देवनारचे कचराक्षेपणक्षेत्र आहे. या सगळ्यांच्या मधोमध २०१५ मध्ये घोषित झालेले रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य असून २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. हिवाळ्यात हजारोंनी उतरणारे रोहित पाहून खाडी आता निरोगी झाली, असा समज शहरात रूढ होत चालला आहे. हे पक्षी ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतात ते सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर पोसले जात असावे, असे अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत. तेव्हा पक्ष्यांच्या गर्दीवरून पाण्याची परीक्षा करता येत नाही.

आता शिंपल्यांकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. कालव, शिणाणे आणि तिसऱ्या यांच्याइतके स्वस्तात वाढणारे प्राणिज अन्न दुसरे नसेल. त्यांना खाद्य घालावे लागत नाही, औषध लागत नाही, गोडे पाणी लागत नाही. दोरीला किंवा खडकाला चिकटून राहावे, कल्ल्यांमधून दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळावे आणि त्यातले सूक्ष्म शैवाल खाऊन मांस करावे, एवढेच त्यांचे काम. वाढता वाढता ते पाणीही निवळून देतात. म्हणूनच शाश्वत सागरी अन्नाच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. परंतु जो प्राणी शैवाल गाळून घेतो तो त्याच पाण्यातले मैल्याचे जिवाणू, शिसे, कॅडमियम आणि पाराही गाळून अंगात साठवतो. यांपैकी जिवाणूंवर उपाय आहे. जिवंत शिंपले निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोनेक दिवस ठेवले की ते स्वतःच आतडे साफ करून टाकतात आणि जिवाणूंचे प्रमाण खूप उतरते. धातूंचे तसे नाही. ते मांसात बसलेले असतात, दोन दिवसांच्या काय, दोन आठवड्यांच्या धुण्यानेही ते पुरेसे निघत नाहीत. शुद्धीकरणाची टाकी बसवली की काम झाले, असे जे प्रकल्प-अहवालांत सर्रास लिहिले जाते, ते म्हणूनच अर्धेच खरे आहे.

युरोपने यावर फार पूर्वी साधा मार्ग काढला. तिथे शिंपल्यांचे मांस तपासून ज्या पाण्यात ते वाढले त्या पाण्याला श्रेणी देतात. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय हे मैल्यातले जिवाणू २३० पेक्षा कमी असतील तर ‘अ’ श्रेणी, तो माल थेट विकावा. ४,६०० पर्यंत असतील तर ‘ब’, तो टाकीत शुद्ध करून विकावा. ४६,००० पर्यंत ‘क’, तो किमान दोन महिने स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवावा. त्यापुढे काढण्यासच बंदी. धातूंच्या मर्यादा वेगळ्या पाळाव्या लागतात. आपल्याकडेही अन्नसुरक्षा नियमांत मासे आणि शिंपल्यांमधील जड धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि हे काम भारतात जमत नाही असेही नाही. केरळमधील अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, ते देशातले पहिले होते. तिथल्या मच्छीमारांनी काढण्याचा हंगाम, जाळीच्या आसाचे माप आणि निर्यातीसाठीचा किमान आकार या गोष्टी आधी पाळल्या, मग परदेशी बाजार त्यांच्या दारात आला.

आमच्या खाडीत ओहोटीच्या वेळी कोळीवाड्यांतल्या आणि पाड्यांवरच्या बाया आजही गुडघाभर चिखलात उतरून कालवे फोडतात, खुबे वेचतात, निवट्या पकडतात. तो माल गावठाणांच्या नाक्यांवर वाट्याने विकला जातो. कुठल्या नाल्याच्या तोंडाजवळचा माल खावा आणि कुठला टाळावा, हे त्या बाया स्वतःच्या अनुभवाने ठरवतात. चव तेलकट लागली की ती जागा सोडतात. शिशाला चव नसते. चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने या खाडीतील चिखल, पाणी आणि जीवसृष्टीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे जाणकार माणसे आणि उपकरणे दोन्ही आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती तपासणी नियमाने करून तिचा निकाल खाणाऱ्यापर्यंत आणि विकणारीपर्यंत पोहोचवण्याची. एका सरकारी कार्यालयात मी अशा निकालांची चौकशी केली, तेव्हा ‘आपल्याला ते कशासाठी हवेत’ हा प्रतिप्रश्न उत्तराच्या आधी आला आणि उत्तर अजून यायचे आहे.

इथे एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो माझ्याच आप्तांकडून येतो. निकाल जाहीर झाले तर खाडीचा सगळाच माल बदनाम होईल, गिऱ्हाईक बोईटालाही हात लावणार नाही, जिताड्यालाही नाही, असे कोळी-आगरी कुटुंबांना वाटते. ही भीती मला अनाठायी वाटत नाही. पण आज काय स्थिती आहे? कोणतीच माहिती नसल्याने ‘खाडीचा मासा’ म्हटले की सुशिक्षित गिऱ्हाईक सरसकट नाक मुरडते. स्वच्छ पट्ट्यातला माल आणि नाल्यातोंडचा माल एकाच भावाने पडतो. निकाल ठिकाणवार आणि प्राण्यागणिक आले तर भरतीबरोबर आत-बाहेर फिरणारा मासा आणि एकाच जागी वर्षभर पाणी गाळत बसलेले कालव यांतला फरक तरी लोकांना कळेल. ज्या पट्ट्यात काढण्यास मनाई करावी लागेल, तिथल्या बायांच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल झाली पाहिजे. ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलेले आहे. भरपाईची तरतूद न करता नुसते मनाईचे फलक लावले, तर मी स्वतः त्या बायांच्या बाजूने उभा राहीन.

सांडपाण्यावर मासे वाढवता येतातच, कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या तसे चालले आहे, असेही कोणी म्हणेल. पूर्व कोलकात्याच्या १२,५०० हेक्टर पाणथळींना २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला आणि ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने तिथल्या मच्छीमारांचे शहाणपण जगापुढे मांडले, हे खरे. पण तिथे घरगुती सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हात मुरवून मगच त्यात रोहू-कटला सोडतात, किती पाणी घ्यावे आणि कधी थांबवावे हे त्या लोकांच्या हातात असते. आपल्या खाडीत रासायनिक कारखान्यांचे पाणी मिसळते आणि ते कधी, किती सुटले हे खाडीकाठच्या माणसाला मेलेले मासे पाहूनच कळते.

महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून किनारी गावांसाठी जी उपजीविका योजना राबवली, तिच्याबद्दल मला आदर आहे. कांदळवन राखणाऱ्या गावालाच त्यातून उत्पन्न मिळावे, आणि गटाच्या प्रकल्पाचा ९० टक्के खर्च सरकारने उचलावा, ही कल्पना मुळात उत्तम. त्यात खेकडापालन आहे, कालवपालन आहे, शोभिवंत मासे आहेत. आमच्या खाडीच्या दृष्टीने यांतली चिंबोरी सर्वांत जवळची. दिवाळे गावच्या बाजारात चिंबोरी विकत घेणारी जाणती बाई तिला उलटी धरते आणि मागच्या पायांच्या मुळाशी पोटाकडची कवटी अंगठ्याने दाबून पाहते. कवटी दबली तर आत मांस नाही, पाणी आहे. नुकतीच कात टाकलेली ती पोकळ चिंबोरी, तिला भाव नाही. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, असे आमच्याकडे मानतात आणि त्या दिवसांत बाजारही तेजीत असतो. या पोकळ चिंबोऱ्या तीन-चार आठवडे पेटीत किंवा कुंपणात ठेवून खाऊ घातल्या की भरतात आणि त्यांचा भाव कितीतरी पटींनी वाढतो. या धंद्यासाठी कांदळवनातले एकही तिवर तोडावे लागत नाही.

अडचण बीजाची आहे. चिंबोरीची मादी अंडी सोडायला खाडीतून समुद्राकडे जाते. तिच्या लाखो पिल्लांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खाडीत परत येतात. पालनासाठी हीच पिल्ले खाडीतून गोळा केली तर आपण पुढल्या वर्षाच्या चिंबोऱ्या या वर्षीच्या पेट्यांत भरतो, उत्पादन वाढवत नाही. तमिळनाडूत राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राने उबवण केंद्रात चिंबोरीचे बीज तयार करण्याचे तंत्र उभे केले आहे. तिथून इतक्या लांबून पिल्ले आणताना होणारी मरतूक आणि खर्च पाहता, ठाणे-रायगडसाठी एक उबवण केंद्र इथेच असणे हा मला जैवतंत्रज्ञानाच्या नावाने होणाऱ्या खर्चाचा सर्वांत शहाणा उपयोग वाटतो.

त्याच केंद्रात जिताड्याचेही बीज व्हावे. पेण-अलिबागकडे जावयाला जिताडा खाऊ घालण्यातला मान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या माशाची महती सांगायला नको. खाडीच्या तोंडातून जिताड्याची पिल्ले धरून गोड्या पाण्याच्या तळ्यांत दोन-तीन वर्षे वाढवण्याची पद्धत रायगडच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या अकलेने घडवली आहे. या माशाची एक गंमत आहे: तो जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे मोठा जिताडा मिळाला म्हणून आपण फोटो काढतो तेव्हा जाळ्यात बहुधा आईच आलेली असते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले, पण या पिल्लांना एकमेकांना खाण्याची वाईट खोड असते. मोठी-लहान पिल्ले दर काही दिवसांनी वेगळी केली नाहीत तर टाकीत थोडी आणि लठ्ठ पिल्ले उरतात. हे काम निगुतीचे आहे, आणि कोळीवाड्यांतल्या शिकलेल्या मुलामुलींना ते नक्की जमेल.

जिताडा मांसाहारी आहे, ही मात्र शाश्वततेच्या हिशेबातली मोठी मेख आहे. समुद्रातला तारली-जवळा दळून त्याचे खाद्य करायचे आणि ते महाग माशाला घालायचे, यात गरिबाच्या ताटातला मासा श्रीमंताच्या ताटात जातो, यापलीकडे फार काही होत नाही. यावरचा जैविक उपाय आज हाताशी आहे: काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ओल्या कचऱ्यावर या अळ्या दोनेक आठवड्यांत वाढतात आणि वाळवल्यावर त्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. वाशीच्या घाऊक बाजारात रोज निघणारा भाजी-फळांचा टाकाऊ माल आणि मोठ्या गृहसंकुलांचा ओला कचरा यांना नवी मुंबईत तोटा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या उत्पादकांना तो कचरा आपल्या आवारातच जिरवायला सांगितलेही होते. अट एवढीच, की कचरा खरोखर वेगळा केलेला हवा, कारण अळी जे खाते त्यातले धातू तिच्यातही उतरतात आणि मग तोच फेरा माशापर्यंत येतो.

बायोफ्लॉकविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण आपल्या भागातील तरुण त्यात कर्ज काढून उतरत आहेत. टाकीतल्या पाण्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणूंची वाढ करायची. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया शोषून स्वतःच प्रथिन बनतात आणि मासे तेच खातात. पाणी दुधाच्या चहासारखे दिसू लागते, आणि लिटरभर पाणी शंकूसारख्या भांड्यात वीस मिनिटे ठेवून तळाला किती साका बसला यावरून टाकीची तब्येत कळते. पाणी बदलावे लागत नाही, जागा थोडी लागते, म्हणून शहरालगतच्या भागाला ही पद्धत सोयीची आहे. परंतु इतके जिवाणू श्वास घेतात तेव्हा हवेचे पंप क्षणभरही बंद पडून चालत नाही. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर फार तर तासा-दोन तासांत मासे तोंड वर काढतात आणि कर्ज टाकीत तरंगू लागते. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान ठरवले गेले, पण ते मुख्यतः टाकी उभारायला. रोजचे वीजबिल माथी राहतेच. शेतीचा दर्जा मिळाल्याचा खरा उपयोग इथे वीजदरात दिसला पाहिजे. बायोफ्लॉकचा मोठा गुण असा, की पाणी आपल्या ताब्यात असते, खाडीच्या कृपेवर अवलंबून राहावे लागत नाही. वरच्या खाडीचे निकाल वाईट आले तर तिथल्या गटांना कालवांऐवजी टाकीतला मासा देणे अधिक प्रामाणिक ठरेल.

समुद्री शेवाळाची शेती ठाणे खाडीत करावी, असे प्रस्ताव ऐकू येतात. ते सोडून द्यावेत. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस शेवाळ ४५ दिवसांत काढणीला येते, त्यापासून खाद्यउद्योगाला लागणारे कॅराजीनन मिळते आणि त्याच्या रसाचे ‘सागरिका’ हे पीकवर्धक इफ्को विकते, हे सारे खरे. पण त्याला स्वच्छ, उजेड आत जाणारे, चांगले खारे पाणी लागते. आपली खाडी गढूळ आहे आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा पार उतरतो. शिवाय हे शेवाळ परदेशी आहे, मन्नारच्या आखातात कुरुसदाई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचे आढळले होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गने हवे तर देशी जातींसह त्याचा विचार करावा. प्रयोगशाळेत पेशींपासून माशाचे मांस वाढवण्याचा जो करार कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये एका नवउद्योगाशी केला, त्याचेही मला कुतूहल आहे. पापलेट-सुरमईच्या पेशी टाकीत वाढतील तेव्हा वाढोत, तोवर बोंबिलावर आमचे चालले आहे.

शेवटी, ज्या एका गोष्टीविषयी सगळ्यात कमी बोलले जाते ती खारजमीन. आमच्या घराण्याची भातशेती घणसोलीच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, होती. तिथे आता रस्ते आणि इमारती आहेत, त्यावर मला इथे रडगाणे गायचे नाही. पण पनवेल, उरण आणि पेणच्या बाजूला अजून खाजणे शिल्लक आहेत. खाडीच्या बांधाला जी उघाडी असते तिची रचना पाहण्यासारखी आहे: भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा फळी आपोआप बंद होते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर निघून जाते. विजेचा पंप नाही, माणूस नाही. या जमिनीत उन्हाळ्यात मीठ वर येते, पाऊस ते धुऊन काढतो, आणि मग चिखलणी करून मोड आलेले बी फेकायचे, याला आमच्याकडे रहू म्हणतात. काळा रता, भुरा रता हे जुने वाण मिठाला दाद देत नव्हते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यांच्यासारख्या वाणांच्या आधारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण काढले. नवी मुंबईपासून इतक्या जवळ हे काम झाले आणि इथल्या किती जणांनी ते नाव ऐकले असेल, मला शंका आहे.

केरळमध्ये अशाच जमिनीत पोक्कळी भात घेतात. पावसाळ्यात भात, नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याच शेतात कोळंबी. भाताचे सड कुजून कोळंबीचे खाद्य होते, कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताचे खत. त्या तांदळाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे पनवेलच्या वाणांबरोबर जिताडा किंवा कोळंबी अशी जोडी बसवता येईल. खारे पाणी ठरल्या तारखेपलीकडे शेतात ठेवले तर शेजाऱ्याची विहीर नासते, हे विसरून चालणार नाही. १९९० च्या दशकात कोळंबीच्या तळ्यांनी पूर्व किनाऱ्यावर जो धुमाकूळ घातला त्यातूनच किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीला लगाम घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आला होता. म्हणून तारखा गावकीने ठरवाव्यात आणि उघाडीची किल्ली एकट्या ठेकेदाराकडे नसावी. आणि जिथे बांध फुटून शेतात तिवरांचे रान माजले आहे, तिथे उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तोडीचा प्रश्नच उरत नाही; सातबारा शेतकऱ्याच्या नावे आणि जमीन तिवरांची, अशा ठिकाणी चिंबोरीच्या पेट्यांचा पहिला हक्क त्या शेतकऱ्याचा असावा.

माझी विनंती मत्स्यव्यवसाय विभाग, कांदळवन कक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना आहे. विटावा, ऐरोली, वाशी, सारसोळे आणि दिवाळे या किंवा तज्ज्ञ ठरवतील त्या ठिकाणी दर महिन्याला पाणी आणि शिंपल्यांचे नमुने घ्यावेत, जिवाणूंची आणि धातूंची तपासणी वेगवेगळी करावी, नमुने घेताना त्या ठिकाणी काढणाऱ्या महिलांपैकी एकीला सोबत ठेवावे म्हणजे नमुना सोयीच्या जागेवरून घेतल्याची शंका राहणार नाही, आणि निकाल संकेतस्थळावर टाकून न थांबता प्रत्येक बंदरावर फळ्यावर लिहावेत. पहिले नमुने मे महिन्यात, पावसाचे पाणी खाडीत मिसळण्याआधी घेतले आणि ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठतानाचे नमुने त्यांच्याशी ताडून पाहिले, तर पाऊस खाडी किती धुऊन काढतो हे पहिल्याच वर्षी समजेल आणि कालवपालनाचे जे अर्ज येतील ते कोणत्या पट्ट्यासाठी मंजूर करायचे याचा निर्णय दिवाळीपूर्वी घेता येईल.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
घणसोली गाव, नवी मुंबई